रात्री अकराला संपलेली दारू सकाळी सातला कुठे असते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मोठा भाऊ शाळेची व्हॅन चालवतो. वजन साठ किलोच्या आसपास. रोज संध्याकाळी आठ ते अकरात दीड क्वार्टर होते, मग जेवण, झोप, आणि सकाळी सातला गाडी. आता व्हॅनच्या मालकाने फुंकायचं मशीन आणलंय. म्हणून तुम्हाला हवंय ते असं: दारू अंगात किती तास राहते, लिंबू किंवा ताकाने लवकर उतरते का, आणि मशीनमध्ये येऊ नये म्हणून किती वाजता थांबायला हवं. शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की सकाळी दादाचे हात थोडे कापतात, पण चहा पोटात गेला की बरं वाटतं.

मशीनचं उत्तर देतोच. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते हातांचं आहे, आणि तुम्ही ते प्रश्न म्हणून विचारलेलंही नाही. त्यावर शेवटी सविस्तर बोलू.

मी विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत बरीच वर्षं वैद्यकीय अधिकारी होतो, आता तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना आहे. रात्री पोलीस 'पिलेला आहे का बघा' म्हणून घेऊन येतात ती माणसं आणि तिसऱ्या दिवशी आई किंवा बायको रडत घेऊन येते ती माणसं, दोन्ही पाहिली आहेत. पुष्कळदा माणूस तोच असतो.

'किती तास राहते' या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न असतात. झिंग कधी उतरते, रक्त कधी रिकामं होतं, आणि तपासणीत कधीपर्यंत सापडते. कधीमधी पिणाऱ्या माणसात पहिली दोन उत्तरं बरीचशी जवळ येतात. रोज पिणाऱ्यात ती एकमेकांपासून फार लांब जातात. ज्या पातळीला नवखा पोरगा ओकाऱ्या काढत बांधावर पडेल, त्याच पातळीला मुरलेला गडी समोर उभा राहून म्हणतो, "साहेब, मले तं काईच होत नाई, सीधा चालून राह्यलो ना मी!" तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. त्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलेलं असतं, रक्तातली दारू मात्र तेवढीच असते. त्यामुळे दादा सकाळी ताजातवाना दिसतो की नाही, यावरून रक्तात काय चाललंय ते कळणार नाही.

आता आत काय होतं ते बघू. दारूला अन्नासारखं पचावं लागत नाही. थोडी जठरातून, बाकी बहुतेक लहान आतड्यातून ती तशीच्या तशी रक्तात जाते. रिकाम्या पोटी अर्ध्या तासात, भरल्या पोटी तास-दीड तासात रक्तातली पातळी सगळ्यात वर पोचते. मटण-भाकरीवर घेतली तर चढते उशिरा आणि चढते कमी, एवढा फरक जेवणाने नक्की पडतो. तिथून पुढचं काम यकृताचं. नव्वद टक्क्यांहून जास्त दारू यकृत मोडतं: आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट, आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. लघवी, घाम आणि श्वास या तिन्ही वाटांनी मिळून २ ते १० टक्केच बाहेर पडते.

बहुतेक औषधं रक्तात जितकी जास्त असतील तितक्या वेगाने शरीर ती बाहेर काढतं. दारूचं तसं नाही. तिची गती जवळजवळ ठरलेली असते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर बैलबंड्यांची रांग लागते तेव्हा बंड्या पाच असोत की पन्नास, काटा एकच असतो. रांग वाढली म्हणून तो भरभर चालत नाही. यकृताची गती तासाला १०० मिली रक्तामागे साधारण १५ ते २० मिलीग्रॅम. कुणाची थोडी कमी, रोज पिणाऱ्याची कधी थोडी जास्त. झोपल्यावर ती वाढत नाही, जागं राहिल्याने कमी होत नाही.

आता दादाचं गणित करू. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६१ ग्रॅम. दीड क्वार्टर म्हणजे ९१ ग्रॅम. विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाचं एक जुनं सूत्र आहे, ते जगभर अजून वापरतात: दारूचे ग्रॅम भागिले वजनाचे किलो, आणि पुरुषासाठी ते किलो आधी ०.६८ ने गुणायचे, बाईसाठी ०.५५ ने. साठ किलोच्या पुरुषात ९१ ग्रॅमचे १०० मिली रक्तात सुमारे २२० मिलीग्रॅम होतात. आठला सुरुवात झाली, म्हणजे सकाळी सातपर्यंत अकरा तास गेले. यकृत तासाला १५ ने चाललं तर १६५ गेले, उरले साधारण ५५ ते ६०. तासाला २० ने चाललं तर जवळपास शून्य.

म्हणजे एकच माणूस, तीच बाटली, आणि उत्तर शून्यापासून साठपर्यंत कुठेही. आपलं यकृत कोणत्या गतीने चालतं हे कुणालाच अंगावरून कळत नाही, म्हणून मी नेहमी हळू गती धरतो. त्या हिशेबाने दादा सकाळी नऊच्या सुमारास ३० च्या खाली येतो आणि अकराच्या सुमारास रिकामा होतो. ज्या दिवशी दोन क्वार्टर होतात, त्या दिवशी सकाळी सातला अंगात १३० च्या वर असते आणि रक्त रिकामं व्हायला दुपारचे चार वाजतात. याउलट एकच क्वार्टर झाली असेल तर सातला हळू यकृतही काम उरकत आणतं. वरच्या अर्ध्या क्वार्टरने सगळी सकाळ नासते. 'आठ तास झोप झाली म्हणजे उतरली' ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

३० चा आकडा का म्हटला? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण मागे पोरं बसलेल्या गाडीसाठी मालकाने शून्याचा नियम केला असेल तर मी त्याच्या बाजूचा आहे.

तर किती वाजता थांबायचं? मी पेशंटला ढोबळ हिशेब देतो: ३० मिलीच्या छोट्या पेगला दोन तास, आणि मोजायला सुरुवात शेवटच्या घोटापासून. मुद्दाम सढळ हिशेब आहे, कारण घरात पेग मापाने कोण भरतं? स्टीलच्या गिलासात अंदाजाने ओतली की छोटा पेग दीडपट होतो. दीड क्वार्टर म्हणजे नऊ छोटे पेग, म्हणजे अठरा तास. सकाळी सातला गाडी काढायची असेल तर आदल्या दिवशी दुपारी एकलाच गिलास खाली ठेवावा लागेल. रोजची दीड क्वार्टर आणि रोजची सातची गाडी, ही दोन एका माणसात बसत नाहीत. तुम्हाला हवं होतं ते उत्तर हे नाही, पण दुसरं माझ्याकडे नाही.

या हिशेबात परिस्थितीने काय बदलतं? पन्नास किलोच्या वाळक्या मजुराला तीच क्वार्टर जास्त चढते. बाईच्या अंगात पाण्याचा वाटा कमी, म्हणून तेवढ्याच दारूत पातळी वर जाते. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या दुधात रक्तात असते तेवढीच दारू असते, आणि दूध पिळून टाकल्याने ती लवकर जात नाही, रक्तातून गेली की दुधातून जाते. बिअरला लोक दारूतच धरत नाहीत, पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, क्वार्टरचा दोन तृतीयांश.

आणि मोहाची असेल तर गणितच बंद. बाटलीवर टक्का छापलेला असतो म्हणून हिशेब करता येतो. मोहफुलाच्या दारूत पहिल्या धारेची वेगळी, नंतरची वेगळी, आणि विकणाऱ्याने पाणी किती घातलं ते त्यालाच ठाऊक. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती; अशा ठिकाणी चोरून आलेल्या बाटलीवरच्या लेबलवरही माझा भरवसा नाही. अशा दारूचा माणूस आला की मी तास मोजत बसत नाही, पुढ्यातला माणूस बघतो. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा: उतरल्यावर अर्ध्या-एक दिवसाने डोळ्यांना धुकं दिसायला लागलं, पोटात मुरडा, दम लागला, तर ती मिथेनॉलची शंका असते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं अशाच विषारी दारूने गेली. तेव्हा लिंबू पिळत बसायचं नाही, थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

लिंबावरून आठवलं, उताराच्या उपायांचं सांगून टाकतो. लिंबू, ताक, काळा चहा, कॉफी, डोक्यावर थंड पाणी, उन्हात चालवणं: यातल्या एकानेही यकृत भरभर चालत नाही. कॉफीने झोपाळलेला दारुडा जागा होतो, शुद्धीवर येत नाही, आणि जागा झालेला चावी मागतो. मीठ-पाणी पाजून उलटी करवणं तर सरळ धोक्याचं, कारण अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा कुणी म्हणतं घाम निघाला की दारू निघते. घामातून जाते ती नगण्य. उलट दारूने लघवी वाढून अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, आणि उन्हात माणूस आणखी वाळतो. तहान लागते म्हणून पाणी प्यावं, दारू धुतली जाईल म्हणून नव्हे.

माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी सलाईनची. पोळ्याच्या करीला संध्याकाळपासून रांग असते: "एक बाटल लावून द्या साहेब, उतरून जाईन." सलाईनने रक्तातली दारू लवकर कमी होत नाही. अंगातलं पाणी कमी असेल, उलट्या होत असतील तर ती जरूर लावतो, पण त्यासाठी. आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणं मला अजिबात मंजूर नाही. त्यांच्या अंगात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, बहुधा कमी असतं. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. कुठेही 'उतरवायची बाटल' लावून घेण्याआधी हे विचारा.

तपासणीचं आता थोडक्यात. फुंकायचं मशीन फुप्फुसातल्या हवेतली दारू मोजतं, आणि ती रक्तातल्या दारूच्या प्रमाणात असते. म्हणून खर्रा, बडीशेप, वेलची यांनी वास दबतो, आकडा दबत नाही. नुकतीच गुळणी केली असेल किंवा तोंडात काही असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला सांगतात. जास्त प्यायलेल्या माणसाचा आकडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही येऊ शकतो. पोलीस केसमध्ये आम्ही रक्त घेतो तेव्हा कातडी स्पिरिटने पुसत नाही, नाहीतर तेच अल्कोहोल नमुन्यात येईल; आणि नमुना सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत घेतो, म्हणजे वाटेत त्यात काही बनत-बिघडत नाही. तो न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. लघवीत प्रत्यक्ष दारू रक्तापेक्षा थोडे तास जास्त सापडते. लघवीतच इथाइल ग्लुकुरोनाइड नावाच्या खुणेची तपासणी केली तर दोन-तीन दिवसांमागची दारू कळते, केसांत तीन महिन्यांपर्यंतची. व्हॅनच्या फाटकावर यातलं काही होणार नाही, पण नोकरीच्या किंवा कोर्टाच्या तपासणीत होऊ शकतं. दारू एकदा मोडून गेली तरी तिच्या खुणा मागे राहतात, म्हणून 'चोवीस तास झाले, आता काही सापडत नाही' असं सरसकट म्हणता येत नाही.

हे तासांचं गणित मला रोजच्या कामात एका वेगळ्याच कारणाने उपयोगी पडतं, ते सांगतो कारण घरच्यांनाही लागेल. रात्री कुणी 'फुल टुन्न आहे' म्हणून आणून टाकतात. किती घेतली, कधी संपवली, विचारून मी मनात एक वेळ ठरवतो की अमुक वाजता याने डोळे उघडायला हवेत, निदान दर तासाला थोडी सुधारणा दिसायला हवी. नाही दिसली, तर हे दारूमुळे आहे हे मी सोडून देतो. मोटरसायकलवरून पडून डोक्यात रक्त साचलंय का? साखर उतरलीय का, कारण दिवसभर उपाशी राबून वरून प्यायलेल्याची, किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्याची साखर पहाटे धाडकन खाली येते. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशक पोटात किंवा अंगात गेलंय का? बाहेर जमिनीवर झोपलेला होता आणि पापण्या उघडत नाहीत, म्हणजे मण्यार तर चावली नाही? तिच्या दंशाची खूण कधीकधी दिसतही नाही. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून माणसाला दुसरं काही झालंच नाही, असं होत नाही. घरी झोपवायचं असेल तर कुशीवर झोपवा, उताणं नको, आणि मधूनमधून हाक मारून बघा. हाकेला हूं म्हणत नसेल, श्वास अडखळत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

आता हातांकडे येतो.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलेलं असतं असं वर म्हटलं. दारू मेंदूला मंद करते. रोज मंद होणारा मेंदू तोल सांभाळायला स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू निघून गेली की हे चेतवणं मोकळं सुटतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं, मळमळतं, चिडचिड होते. यासाठी रक्त पूर्ण रिकामं व्हावं लागत नाही, पातळी घसरायला लागली तरी पुरतं. म्हणजे दादाचे हात सकाळी सातला कापत असतील आणि त्याच क्षणी मशीनही आकडा दाखवत असेल, असं अगदी होऊ शकतं.

पुढे काय ते नीट वाचा. दारू तुटल्यावर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत काहींना फिट येते. आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: माणूस झोपत नाही, कुठे आहे ते कळत नाही, ताप, घाम, अंगभर थरकाप, भिंतीवर मुंग्या किंवा साप दिसतात. याला आम्ही डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतो. उपचार नाही मिळाला तर यात माणूस मरू शकतो.

आमच्याकडे हे कधी दिसतं? श्रावण लागला म्हणून सोडली, माळ घातली म्हणून सोडली, पाय मोडून ऑर्थोच्या वॉर्डात पडला म्हणून आपोआप सुटली, किंवा घरच्यांनी खोलीत कोंडून ठेवला. तिसऱ्या दिवशी बायको सांगते, "याच्या आंगात आलं जी, भितीवर मुंग्या चालून राह्यल्या म्हनते." मधला एक दिवस मांत्रिकाकडे गेलेला असतो. त्या घराचा मला राग येत नाही. चांगल्या हेतूने सोडली आणि माणूस पिसाटला, तर कुणालाही देवाचं काहीतरी चुकलं असं वाटेल. पण ते अंगात आलेलं नसतं, दारू अंगातून गेलेली असते.

आता हे व्हॅनला लावून बघा. तुम्हाला भीती सकाळी सातच्या मशीनची आहे. दादा समजा मनावर घेऊन आज रात्रीपासून एकदम बंद करतो. उद्या सकाळी मशीन शून्य दाखवेल, मालक खूश, तुम्ही खूश. आणि फिट येण्याच्या धोक्याच्या काळात नेमका उद्याचा दिवस येतो, पोरांना घेऊन गाडी रस्त्यावर असताना. त्याच्यासारख्या माणसात शून्य आकड्याचा अर्थ 'आता काळजी नाही' असा होत नाही.

म्हणून माझा सल्ला या क्रमाने. पहिलं, आठ-दहा दिवस व्हॅन दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. तब्येतीचं कारण सांगा, ते खोटंही नाही. दुसरं, दादाने घरच्या घरी एकदम बंद करू नये. डॉक्टरकडे जाईपर्यंत दोन-चार दिवस लागणार असतील तर रोजचं माप थोडं थोडं कमी करणं जास्त सुरक्षित. 'डॉक्टरच दारू प्यायला सांगतो' म्हणून हसणारे भेटतील, हसू द्या. तिसरं, ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. पाच-सात दिवस क्लोरडायझेपॉक्साइडच्या गटातली गोळी हळूहळू कमी करत देतात, सोबत थायमिन. बहुतेकांचं यात निभावतं. याआधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल, डोळे पिवळे असतील, ताप किंवा सतत उलट्या असतील, तर घरी नको, भरतीच करा. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट अजिबात करू नका: जेवणात किंवा चहात चोरून 'दारू सोडवायची पावडर' घालणं. एसटी स्टँडच्या भिंतींवर जाहिराती असतात. अशा पुड्यांत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर तोंड लाल होऊन, छाती धडधडून, रक्तदाब पडून माणूस दगावू शकतो. हे औषध आम्हीही देतो, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, आणि शेवटच्या घोटाला किमान बारा तास उलटल्यावरच. गोळी बंद केल्यावरही पंधरवडाभर तिचा परिणाम राहतो, म्हणून ज्याला माहीतच नाही त्याला ती देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं.

दवाखान्यात जाताना या गोष्टी खऱ्या सांगा: रोज काय आणि किती, शेवटची कधी, सकाळी उतारा म्हणून घोटभर दारू घेतो का, आधी कधी फिट आलेली आहे का, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा दुखण्याच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. सकाळी चहाबरोबर आणखी काही घेतो का, हे दादाला रागावून नाही, एकटं गाठून विचारा. घेत असेल तर गोळीचं माप बदलतं, म्हणून विचारायचं. दारूबंदीच्या जिल्ह्यात असाल तर लोक डॉक्टरपुढेही कबूल करत नाहीत, पण माप चुकलं तर गोळी कमी पडते आणि फिट येते.

आणि मधल्या काळात घरी फिट आलीच, तर तोंडात चमचा, नाकाशी कांदा, हातात चप्पल यातलं काही नको. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, झटके थांबले की कुशीवर वळवा, आणि १०८ ला फोन करून पहिल्याच वाक्यात सांगा की रोज पिणारा होता आणि दारू अमुक वाजल्यापासून बंद आहे.